नव्वद मिनिटांचा कुकर

फोन आला तेव्हा प्रसेनजित सरवदे गुरुजी पोषण आहाराची माहिती ऑनलाइन भरत होते आणि ती सकाळपासून भरली जात नव्हती. पलीकडच्या मुलीनं त्यांचं कूपन लागल्याचं सांगितलं. गुरुजींनी आपल्याला काहीही लागत नाही असं सांगून फोन ठेवला. मुलगी कामाची पक्की होती. तिनं कूपनावरचा दुसरा नंबर लावला. तो गुरुजींच्या बायकोचा, चैतालीचा होता आणि तिथं प्रकरण मार्गी लागलं.

कूपन दिवाळीतलं होतं. उमरग्याच्या एका कापड दुकानात दारातच पेटी ठेवलेली होती. शहाणी माणसं त्या कागदाला पानाच्या चुन्याचं बोट पुसून पुढं जात होती, पण समोर कोरा फॉर्म असताना तो तसाच सोडून जाणं गुरुजींना सव्वीस वर्षांच्या नोकरीत कधी जमलं नव्हतं. त्यांनी सगळे रकाने भरले, दोन्ही मोबाइल नंबर लिहिले, पगारही लिहिला. शेजारी त्यांच्याच गावातले किराणा दुकानदार शरणबसप्पा चष्मा विसरून आले होते, त्यांचंही कूपन गुरुजींनीच भरून टाकलं.

आता कंपनीनं कळवलं होतं की रविवारी सकाळी अकराला हायवेवरच्या हॉटेलात यायचं, नवरा-बायको दोघांनी यायचं, नव्वद मिनिटं बसायचं आणि पाच लिटरचा कुकर घेऊन जायचं. विकत काही घ्यायचं नाही. गुरुजी म्हणाले की यात नक्की काहीतरी भानगड आहे.

"असू द्या की," चैताली म्हणाली. "शिक्षण परिषदेला दिवसदिवस बसता. तिथनं कधी चमचा तरी आणलाय का?"

रविवारी दोघं गेले.

हॉलमध्ये पंधराएक जोडपी गोल टेबलांभोवती बसवलेली होती. गाणी इतक्या जोरात लावली होती की शेजारच्या माणसाला वेळ विचारायची तर खुणेनं विचारावी लागे. एका बाजूला कुकरच्या खोक्यांची उतरंड होती आणि सगळ्या बायकांची तोंडं तिकडंच होती. शेजारच्या टेबलावर शरणबसप्पा आणि त्यांची बायको गिरिजाबाई होते. पलीकडं शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष बलभीम सपत्नीक होते. म्हणजे अर्धं गाव आधीच गळाला लागलं होतं.

मग कोट घातलेला कृष्णराज नावाचा मॅनेजर माइक घेऊन उभा राहिला. हा पुण्याहून आला होता. एकदा पैसे भरा आणि पंचवीस वर्षं, दर वर्षी सात दिवस, गोव्यापासून मनालीपर्यंत कुठंही कंपनीच्या रिसॉर्टमध्ये राहा, अशी ती योजना होती. पण ती थेट सांगेल तर तो कृष्णराज कसला. त्यानं आधी प्रश्न विचारला, की माणूस कुणासाठी कमावतो?

हॉल चिडीचूप. अशा ठिकाणी गप्प बसण्यातच शहाणपण असतं हे हॉलमधल्या प्रत्येकाला ठाऊक होतं, अपवाद फक्त गुरुजींचा. प्रश्नानंतरची शांतता त्यांना सोसत नाही. त्यांच्या लेखी तिचा अर्थ वर्गाला धडा कळला नाही असा होतो. त्यांनी डावीकडं पाहिलं, उजवीकडं पाहिलं, कुणी तोंड उघडेना. शेवटी त्यांनी हात वर केला आणि म्हणाले, "कुटुंबासाठी." टाळ्या पडल्या.

चैतालीनं टेबलाखालून त्यांच्या पायावर पाय दिला. गुरुजींनी पाय बाजूला घेतला.

कृष्णराजनं हा विद्यार्थी हेरला. दुसरा प्रश्न त्यानं गुरुजींकडं बघूनच टाकला. हॉटेलचं भाडं दिवसाला पाच हजार, वर्षाला सात दिवस, अशी पंचवीस वर्षं, तर किती? एक जण मोबाइल काढतोय तोवर गुरुजी म्हणाले, "आठ लाख पंच्याहत्तर हजार." पुन्हा टाळ्या, वर बँडचं संगीत. आणि कंपनी हे देणार दोन लाख ऐंशी हजारात, तर फायदा किती?

"पाच लाख पंच्याण्णव हजार," गुरुजी म्हणाले. वजाबाकी तोंडी आणि बिनचूक झाल्याच्या आनंदात, आपण कशातून काय वजा केलं याकडं त्यांचं लक्षच नव्हतं.

"ऐकलंत?" कृष्णराज माइकवर म्हणाला. "सरवदे सर म्हणतायत, पाच लाख पंच्याण्णव हजारांचा फायदा."

बलभीमांनी मान डोलावली. शरणबसप्पा बायकोकडं वाकून म्हणाले, "गुरुजीचा हिशेब कदी चुकत न्हाय बग."

यानंतर कृष्णराज स्वतः खुर्ची ओढून गुरुजींच्या टेबलावर आला. सही फक्त आज, ऑफर फक्त आज, उद्या भाव वाढणार. गुरुजींनी नियमांची पुस्तिका मागितली. ती कुणी मागत नसावं, कारण सापडायला वेळ लागला. गुरुजींनी ती उत्तरपत्रिका तपासावी तशी पहिल्या ओळीपासून वाचायला घेतली. देखभालीचे पैसे दर वर्षी वेगळे होते आणि दर वर्षी वाढणारे होते. खोली शिल्लक असेल तरच मिळणार होती. दिवाळीची आणि उन्हाळ्याची सुट्टी तर यादीतून वगळलेलीच होती.

"सुट्टीत तुम्ही खोली देत न्हाय आन् सुट्टीबिगर मला जाता येत न्हाय," गुरुजी म्हणाले. "मग मी जाऊ कधी?"

कृष्णराज म्हणाला, सरांनी थोडा पॉझिटिव्ह विचार करावा. गुरुजी नको म्हणाले. मग दुसरा माणूस आला, भाव उतरला, गुरुजी नको म्हणाले. तिसरा आला, आणखी उतरला. वहिनींनी आयुष्यात समुद्र बघू नये असं सरांना वाटतं का, असंही एकानं विचारून घेतलं. अकरा वेळा नको म्हणून झालं आणि अकराही वेळा समोरच्यानं ते 'सांगा अजून' असं ऐकलं. पाचवीच्या वर्गात एकदा नाही म्हटलं की पन्नास पोरांना कळतं, इथं तीन टायवाल्यांना कळत नव्हतं.

शेवटी कृष्णराजला कळलं की हा दगड हलणार नाही. पण हॉलची नजर या दगडावर आहे, हेही त्याच्या लक्षात आलं होतं. तो हसून उठला, उतरंडीवरचं एक खोकं उचललं आणि माइकवरून सरवदे सरांचा सत्कार जाहीर केला. आता गुरुजींनी ते नाकारायला हवं होतं. पण हयात शिक्षकी पेशात गेलेल्या माणसाच्या हातात चारचौघांत काही ठेवलं, की तो दोन्ही हातांनी घेतो आणि फोटोसाठी उभा राहतो. गुरुजी उभे राहिले. फोटो झाला. चैतालीनं खोकं लगेच ताब्यात घेतलं.

दाराकडं जाताना त्यांनी पाहिलं तर तीन टेबलांवर फॉर्म उघडले होते. शरणबसप्पांच्या हातात पेन होता.

"आमी बी घेतोच गुरुजी," ते म्हणाले. "तुमी घेतलं म्हणल्यावर इचार काय करायचा?"

"अण्णा, मी काई घेतलं न्हाय."

"मग कुकर?"

"तो नुसतं बसल्याचा हाय."

शरणबसप्पांना हसू आलं. "नुसतं बसल्याचं कोण देतंय व्हय गुरुजी?"

बलभीम तर म्हणाले की तुमचं झालं, आता आमचं होऊ द्या. गुरुजी घसा फोडून सांगू लागले, तशी कुणीतरी गाणी आणखी मोठी केली. त्यांचा जीव शरणबसप्पांपायी खालीवर होत होता. त्या माणसाकडं असलेले पैसे धाकट्या मुलीच्या नर्सिंगच्या प्रवेशाचे होते. तिचा अर्ज गुरुजींनीच भरला होता. आणि आज त्या पैशांची वजाबाकीही गुरुजींनीच करून दिली होती. आपलं म्हणणं खरं करायला हाताशी एकच पुरावा होता, आणि तो बायकोच्या काखेत होता. त्यांनी तिच्याकडं पाहिलं.

"न्हाय," ते बोलायच्या आधीच चैताली म्हणाली. "आजवर घरात फुकट काई आलं तर तुमच्या सत्काराच्या शाली. त्यात भात शिजत न्हाय."

"अण्णांच्या पोरीची फी हाय ती."

चैतालीनं शरणबसप्पांच्या हातातल्या पेनाकडं पाहिलं. मग नवऱ्याकडं पाहिलं, आणि त्या बघण्याचा हिशेब पुढं कितीतरी दिवस चालणार हे गुरुजींना तेव्हाच समजलं. ती उलट पावली गेली आणि कृष्णराजच्या टेबलावर खोकं असं आदळलं की त्याचा कोपरा फाटला. गाणी चालू होती, पण चैतालीला माइक लागला नाही.

"आमी ह्यांचं काई घेतलेलं न्हाय," ती हॉलला म्हणाली. "हे बगा, कुकर बी ठिवला."

फुकटात मिळालेला कुकर कुणी परत करतंय हे उमरगा तालुक्यात कुणी पाहिलेलं नव्हतं. त्यावर मात्र सगळ्यांचा विश्वास बसला. बलभीमांनी पेनला टोपण लावलं. खुर्च्या सरकल्या, कृष्णराज माइकवरून 'एक मिनिट, एक मिनिट' करत राहिला आणि माणसं दाराबाहेर पडली. पण नव्वद मिनिटं व्हायला अजून दहा बाकी होती, त्यामुळं बाहेर पडलेल्या कुणालाच कुकर मिळाला नाही आणि त्याचं खापर गुरुजींवर फुटलं. बलभीम तोंडावरच म्हणाले की दहा मिनिटं कळ काढली असती तर गुरुजींच्या बापाचं काय जात होतं?

बसस्टँडवर चैताली बाकाच्या एका टोकाला बसली आणि मधली जागा मोकळी ठेवली. गुरुजींनी दोनदा शेंगदाणे पुढं केले, ते तसेच राहिले. आपण एका पोरीचं शिक्षण वाचवलं एवढ्या एका विचारावर गुरुजी तग धरून होते.

तेवढ्यात शरणबसप्पा आणि गिरिजाबाई आले. गिरिजाबाईंच्या डोक्यावर खोकं होतं. त्याचा कोपरा फाटलेला होता.

चैतालीनं ते ओळखलं. "अक्का, हे कसं काय?"

"म्या उठलेच न्हाय की," गिरिजाबाई म्हणाल्या. "नव्वद मिन्टं म्हणले हुते, नव्वद बसले. मग त्या पोरीला म्हणलं, आण कुकर. ती म्हणली, घ्या बाई एकदाचा आन् जावा. वरचाच उचलून दिला."

सगळे गेल्यावर त्या टायवाल्यांनी या दोघांना एकटं गाठलं असणार. "अण्णा, सही न्हाय ना केली?"

"केली की," शरणबसप्पा म्हणाले. "तीनदा केली. उठंनाच."

"कशी उठंल?" गिरिजाबाईंनी खोकं खाली ठेवलं. "ह्यांना कुणी कागद म्होरं केला की सही ठोकायची खोड हाय. म्हणून परगावी निघताना म्या वाळका पेनच खिशाला लावती. त्यांनी त्यांचा दिला, तो म्या पिशवीत टाकला आन् वाळकाच परत हातात दिला. मग दुसरा दिला. तो बी टाकला."

गुरुजींनी मनात हिशेब मांडला. म्हणजे ज्या फीसाठी कुकर गेला, त्या फीच्या केसालाही धक्का लागणार नव्हता. चैताली मात्र सकाळपासून पहिल्यांदा हसली. तिनं सरकून गिरिजाबाईंना शेजारी जागा करून दिली.

"अक्का, तसला एक वाळका पेन मला बी द्या," ती म्हणाली. "ह्यांच्यासाठी."

गिरिजाबाईंनी गुरुजींना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि मान हलवली.

"तुमच्या मालकांचं पेनानं भागायचं न्हाय, बाई," त्या म्हणाल्या. "हे तोंडानं सही करतेत."

गुरुजींना यावर उत्तर द्यायचं होतं, पण गावाची बस लागली आणि दोघी त्यांना मागं ठेवून चढल्यासुद्धा.