इंदूमावशी आधी खेळून बघतात

आतून कडी लावलेली, आणि आत माझी चिन्नी ओरडतेय, "राणीला मार, आज्जी. मार की."

मी दार बडवतेय. "मावशी, बागिलु तेगीरी, दार उघडा." आतून इंदूमावशींचा आवाज, एकदम कडक, "नाही मारणार. काय वाटेल ते कर." मग लाकूड आपटल्यासारखं काहीतरी. कुणाला फोन लावावा तर फोन आतच. मीच दिलेला, सकाळी, माझ्या हातानं.

का दिला ते सांगते. म्हैसूरच्या बोगादीत आमच्या शेजारच्या घरात या मावशी एकट्या राहतात. पोरांची कुठलीही वस्तू आली की यांचं एकच, "आधी माझ्यावर होऊ दे." खोकल्याचं औषध आधी चमचाभर त्या पिणार. चिन्नीचा नवा बूट घालून बघितला, तो शेवटी कापून काढला. पार्कात घसरगुंडी बसवली तेव्हा पोरं रांगेत उभी, आणि साडी खोचून मावशी सगळ्यांच्या आधी वर. मधेच अडकल्या. वॉचमननं पाय धरून ओढलं. खाली येऊन म्हणतात, "आयतु, चालेल. पोरं बारीक असतात."

तर चिन्नीला वर्गातल्या पोरींनी मोबाइलवरचा एक गेम सांगितला. बुद्धिबळाचं कोडं असतं, डोकं चालतं म्हणे. पण त्यात मोहरा मेला की तलवार खणकन पडते नि तो किंचाळतो. पोरगी इडलीचा तुकडा मोडते नि म्हणते, "हत्ती मेला." मी शाळा अर्ध्यात सोडलेली, त्यातलं इंग्लिश मला गोत्तिल्ला, काय कळणार. नवरा म्हणतो, "सुम्मने, उगीच घाबरतेस." म्हणून मावशींना विचारलं, पोरांना हे बरं का वाईट. त्यांनी फोनच मागून घेतला. आधी माझ्यावर होऊ दे.

चिन्नी शाळेतून आली ती दप्तर टाकून तिकडेच पळाली. आणि आता हे.

मी मागे धावले. स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती, गजाला तोंड लावून आत बघितलं. हॉलच्या काळ्या-पांढऱ्या फरशीवर दसऱ्याचे गोंबे, आम्ही म्हैसूरला दसऱ्यात बाहुल्या मांडतो ना, ते सगळे एकेका चौकोनात उभे. शेट, शेटाणी, पोलीस, गाय. मोबाइलवर बारीक दिसतं म्हणून मावशींनी गेम जमिनीवर उतरवलेला. चिन्नी मधे पालथी पडून लाकडी हत्ती आपटतेय, तिला काही झालेलं नाही. मावशी कोपऱ्यात, मांडीवर लाकडाची राणी घट्ट धरून.

मला बघून उठल्या, पुढचं दार उघडलं.

"कडी कशाला लावलीत?" मी ओरडले.

"तू वाऱ्यासारखी येतेस नि सगळ्यावर पाय देतेस म्हणून."

चिन्नी कावलेली. "अम्मा, बघ ना. राणी दिली की राजा सुटतो. आज्जी देतच नाही."

ती राजा-राणीची जोडी म्हणजे पट्टद गोंबे. लग्नात आई लेकीला देते, जोडी कधी मोडत नाहीत. मावशींचे यजमान गेल्यापासून गोंब्यांची ट्रंक उघडलीच नव्हती. दर दसऱ्याला मी म्हणायची, मांडायला येते. त्या म्हणायच्या, "बेड गं, नको. धूळ होते."

मी भांडायला आलेली. पण तोंडातून निघालं, "मग मावशी, गेम पोरांना चालेल का?"

त्यांनी पदरानं राणीचं तोंड पुसलं. "पोरांना चालेल. मेलेलं ती परत मांडतात नि पुढं खेळतात. मला नाही चालायचा." फोन माझ्या हातात ठेवला. "हा घेऊन जा. पोरीला स्वल्प वेळ ठेव. एवढे बाहेर काढलेत, आता आत भरायला एकटीला..."

चिन्नीनं राजा उचलला, मावशींच्या मांडीवर राणीजवळ नेऊन ठेवला. "बरं," म्हणाली, "मग दोघं अडकलेलेच राहू देत."

अंधारून आलेलं. तिचा अभ्यास पडलेला. दार बडवून माझे हात अजून लाल, आणि आम्ही निघालो की परत तिथं कडी लागणार ते मला दिसत होतं.

तुम्ही काय केलं असतं? पोरीला उचलून आणली असती?