कानिफचे अडीच किलो

कारखान्याच्या कबड्डी संघाबद्दल रंगनाथ गागरे यांचं मत काय, हे कुणाला कधी विचारावं लागलं नाही. ते न विचारताच मिळे. रंगनाथ साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर कारकून होते. उसाची गाडी काट्यावर चढली, की पावती हातात पडेपर्यंत गाडीवानाला उभं राहावंच लागे आणि तेवढ्यात सगळं मत ऐकून होई. मत असं, की मोठ्यांचा संघ संपला. त्या सातही गड्यांना कारखान्यानं केवळ कबड्डीसाठी वॉचमन म्हणून पगारावर घेतलं होतं. "सात वॉचमन हायत, पन एकानं तरी कुनाला पकडलेलं बघितलंय का? ना गेटावर, ना मैदानावर! आन् आमची कुमार संघाची पोरं बघा. चड्डीला ठिगळ, पायात वहान न्हाई, पन चढाईला निगाली की समोरचा घरचा पत्ता इसरतो!"

एकाहत्तरच्या जानेवारीत श्रीरामपूरला कुमार गटाच्या ढालीचे सामने ठरले. कँटीनमध्ये मोठ्या संघाचा कॅप्टन सहज म्हणाला, "नाना, तुमची पोरं पयल्याच सामन्याला मार खाऊन येत्यात बगा." झालं! रंगनाथांनी बशीतला चहा तसाच ठेवला आणि उभं राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "ढाल आली न्हाई, तर हा रंगनाथ जन्मात पुन्यांदा कबड्डीचा सामना बघनार न्हाई!" हा माणूस स्वतःच्या साखरपुड्याला सामना संपवून दीड तास उशिरा पोचला होता. सामने बंद म्हणजे त्याच्या जिवावरचंच काम होतं.

कुमार गटाला अट एकच होती. खेळाडूचं वजन पन्नास किलोच्या आत हवं. आता ज्यानं बारा वर्षं वजनं केली त्याला ही काय अडचण! पण कारखान्याचा काटा उसाच्या गाड्यांचा, दहा किलोच्या खालचं त्याला काही दिसतच नसे. मग रंगनाथांनी सातही पोरं एका बैलगाडीत भरली, गाडी काट्यावर घेतली, पोरं उतरवून मोकळ्या गाडीचं वजन वजा केलं. राहिले तीनशे चाळीस. भागिले सात. दर पोरामागे साडेअठ्ठेचाळीस! हाताच्या सवयीनं त्यांनी पाचट आणि बांधणीपोटी एक टक्का वजावटही धरली आणि रीतसर पावती श्रीरामपूरला पाठवून दिली.

गुरुवारी सामने भरवणाऱ्या मंडळाच्या सेक्रेटरींचं कार्ड आलं. "खेळाडूंचे वजन प्रत्येकी घेण्यात येईल. मोळीने नाही."

रंगनाथांनी पोरांना कारखान्याच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या काट्यावर सहा जण अठ्ठेचाळीसच्या आसपास भरले. सातवा कानिफनाथ. त्याचे भरले साडेबावन्न. रंगनाथांनी त्याला उतरवून पुन्हा चढवलं, तरी तेवढेच. कारण संघ म्हणजे कानिफ होता, बाकीचे सहा जण आपले रेघेच्या आत उभे असत. रविवारी सामने. हातात दोन दिवस आणि उतरवायचे अडीच किलो.

"कानिफ, आजपासून जेवन बंद," रंगनाथ म्हणाले.

"आन् न्याहारी?"

"ती बी बंद."

शुक्रवारी पहाटे रंगनाथांनी कानिफच्या अंगात दोन स्वेटर घातले, वर घोंगडं गुंडाळलं आणि घाम गाळायला त्याला पाटाच्या कडेकडेनं चार मैल पळायला सोडलं. इथं त्यांचा हिशेब चुकला. पाटाच्या दोन्ही अंगांना मळे, आणि प्रत्येक मळ्यात कानिफचे चाहते. दिवस हुरड्याचे होते. एकानं त्याला बांधावर बसवून ओंजळभर हुरडा चारला, दुसऱ्यानं भाजलेल्या शेंगा दिल्या, गुऱ्हाळावर तांब्याभर रस आणि गरम गुळाचा खडा मिळाला. "ढाल आनायची बरं का, गड्या!" म्हणत जो तो पाठीवर थाप मारी आणि हातावर काहीतरी ठेवी. परत आल्यावर दवाखान्यात वजन भरलं त्रेपन्न.

"आरं, पळाया धाडलं हुतं का सोयरीक जमवाया?"

"मी काय करू, नाना? न्हाई म्हनलं की मान्सं रागावत्यात."

मग रंगनाथांनी रजा टाकली आणि कानिफच्या घराच्या उंबऱ्यावर ठाण मांडलं. कानिफचा बाप सहादेव लेकीला आणायला सुप्याला गेला होता. घरात आई छबूबाई. पोरगं उपाशी निजणार म्हटल्यावर ती कंबर कसून बाहेर आली.

"माज्या पोराचं वजन उतरवनारं तुमी कोन? नऊ म्हैने मी वागवलं, तवा न्हाई कुनी काटा लावला!"

"वैनी, दोनच दिस. गावाच्या इज्जतीचा सवाल हाय."

"गावाची इज्जत माज्या पोराच्याच पोटात हाय व्हय?"

तरी रंगनाथ हलले नाहीत. छबूबाईनं रागानं चूलच पेटवली नाही. शनिवारी सकाळी वजन एक्कावन्नावर आलं. आता राहिला एक किलो. पोरगं भिंतीला धरून चालत होतं, घाम काढायला त्याच्या अंगात पाणी उरलं नव्हतं. रंगनाथांची नजर त्याच्या डोक्यावरच्या दाट केसांवर गेली.

न्हावी बन्सीनं कानिफची पार चकोट केली आणि विचारलं, "नाना, ही वठावरची लव?"

"काढ. मिशीला बी वजन असतंच की."

बिनमिशीचा, तुळतुळीत डोक्याचा, खांदे पाडलेला कानिफ भर दुपारी गावातून घरी निघाला. पोरानं डोकं आणि मिशी एकदम काढली याचा अर्थ गावात एकच होतो. पारावरच्या माणसांनी टोप्या काढल्या. सहादेव सुप्याला गेला होता, अजून आला नव्हता. म्हणजे तिकडंच कमीजास्त झालं!

बायका घराकडं धावल्या, तर छबूबाई अंगणात मजेत शेण्या थापत होती. "आगं बया, हिला आजून कळालंच न्हाई!" असं म्हणून त्यांनी पदर तोंडाला लावला. पण शेजारच्या राहीबाईला राहवलं नाही. तिनं येऊन छबूबाईच्या गळ्यात पडून एकदम हंबरडा फोडला. राहीबाई एवढी रडतेय म्हणजे तिच्याच घरी काही वाईट झालं असणार, असं वाटून छबूबाईनंही शेणाच्या हातानं तिला मिठी मारली आणि गळा काढला. दोघी बराच वेळ एकमेकींचं सांत्वन करत होत्या.

एव्हाना रिवाजाप्रमाणे चार घरांतून पिठलं-भाकरीच्या टोपल्या आल्या. दुःखाच्या घरी चूल पेटत नाही आणि छबूबाईची चूल तर खरंच थंड होती. जाणत्या माणसांनी कानिफला भिंतीशी बसवलं. "घे, बाबा, कडू घास घ्यावा लागतो. न्हाई म्हनू नये."

कानिफला काय चाललंय ते पहिल्या भाकरीलाच समजलं. पण कालपासून उपाशी असलेल्या पोरासमोर गरम पिठलं ठेवल्यावर त्यानं आधी काय करावं? त्यानं मान खाली घातली आणि जेवत राहिला. दुसरी भाकरी झाली, तिसरी झाली. "पोरानं लई मनाला लावून घेतलंय," म्हातारी माणसं डोळे पुसत म्हणाली आणि त्यांनी चौथी वाढली. रंगनाथ काट्यावर एक फेरी मारून परत आले ते नेमके पाचव्या भाकरीला.

"कानिफ! थूक! थूक आदी!"

"लाज वाटू द्या, नाना!" सगळे त्यांच्यावर उसळले. "बाप गेलाय त्याचा!"

आणि तेवढ्यात एस.टी.तून उतरलेला सहादेव, डोक्यावर ट्रंक आणि मागे लेक, अंगणात येऊन उभा राहिला. एवढी गर्दी, रडणाऱ्या बायका आणि पोराचं चकोट डोकं पाहून त्याच्या हातून ट्रंक सुटली. "आरं देवा! कोन गेलं?" असं ओरडून तो स्वतःच रडायला लागला. तो गेलेला नाही, हे त्याला समजावण्यात तास गेला. उरलेल्या दोन टोपल्या कुणी परत नेईना. त्या घरच्यांनी मिळून आनंदानं संपवल्या, आणि त्यात कानिफ होताच.

रविवारी सकाळी दवाखान्यात वजन भरलं साडेबावन्न. डोक्यावर केस नव्हते, बाकी सगळं गुरुवारच्या जागी परत आलं होतं.

तरी रंगनाथ सातही पोरांना घेऊन एस.टी.नं श्रीरामपूरला पोचले. मैदानावर सात गावांचे संघ जमले होते, आणि वजन होऊन बाकीचे सगळे पास झाले होते. त्यांतले काही कुमार असे होते, की त्यांना मामा म्हणून हाक मारावीशी वाटे. सेक्रेटरींनी एका आडत्याच्या वखारीतला काटा मागून आणला होता. कानिफ डोळे मिटून त्यावर चढला.

"अठ्ठेचाळीस. पास!"

पोरांनी उड्या मारल्या. ढाल आता हातभर अंतरावर होती. रंगनाथांनी फक्त तोंड मिटून घ्यायचं होतं. पण बारा वर्षांत ज्यानं काट्यावर कधी बोट ठेवलं नाही, त्याच्या पोटातून ते आपोआप वर आलं.

"हा काटा खोटा हाय!"

"नाना, गप बसा ना!" कानिफ कळवळून म्हणाला.

"सकाळी साडेबावन्न हुता! मला चढू द्या. मी साठ किलोचा मानूस हाय." ते चढले. काट्यानं पंचावन्न दाखवले.

मैदानावर जमलेल्या माणसांत निम्मे शेतकरी होते, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांनी याच काट्यावर कापूस आणि भुईमूग घातला होता. साठाचे पंचावन्न, हे त्यांच्या डोक्यात शिरायला वेळ लागला नाही. "मंजी माजा कापूस...!" एक जण ओरडला आणि दोनशे माणूस वखारीच्या दिशेनं निघालं. सेक्रेटरी हात जोडून आडवे झाले. वखारीचं उद्या बघू, आज दुसरा काटा आणू, असं त्यांनी कबूल केलं. रेल्वे स्टेशनच्या पार्सल ऑफिसातला काटा हातगाडीवरून आणून सगळ्यांची वजनं नव्यानं झाली.

मग एकेक गळायला लागला. मामा मंडळी तर पहिल्या झटक्याला बाद झाली. कुणाचे चार उरले, कुणाचे तीन, एका संघाचा तर फक्त एक, आणि तोही घरून पाणी द्यायला आणलेला. कानिफही बाद झाला. पण रंगनाथांचे बाकीचे सहा जण खरोखरच वाळके होते, ते झाडून पास झाले. संघ म्हणून उभं राहायला निदान पाच गडी लागत, आणि तेवढे दुसऱ्या कुणाकडेच नव्हते. सेक्रेटरींनी नियमांची वही दोनदा चाळली आणि भोंग्यातून जाहीर केलं, "कारखान्याच्या कुमार संघाला ढाल बिनविरोध!"

कारखान्याच्या संचालकांना हा शब्द लागू होतो, हे सगळ्यांना माहीत होतं. कबड्डीत तो पहिल्यांदाच ऐकला. रंगनाथांच्या हातात ढाल आली. कँटीनमध्ये दिलेला शब्द खरा झाला होता, तिथं छाती काढून जाता येणार होतं. आणि त्यांना मोठ्यानं रडावंसं वाटत होतं.

"काय झालं, नाना? जिकलो की आपन," एक पोरगं म्हणालं.

"एक चढाई न्हाई बघितली रं. एक बी न्हाई!"

तसंच लोकांनाही वाटत असावं. आम्ही पाच मैल चालत वजनं बघायला आलो काय, असा गलका झाला. शेवटी बाद झालेल्या गड्यांचेच दोन संघ पाडायचं ठरलं. ना ढाल, ना नियम, नुसता खेळ. कानिफनं छबूबाईच्या गाठोड्यातल्या दोन भाकरी तिथंच उभ्याउभ्या संपवल्या, तोंड पुसलं आणि तो रेघेकडं निघाला. समोर सात मामा मांडीवर थापा मारत उभे होते.

गर्दी एकदम रेघेपर्यंत दाटली. रंगनाथांची उंची बेताची. पुढं फेट्यांची भिंत आणि आतून आरोळ्या. त्यांनी टाचा उंचावल्या, उड्या मारल्या, एकाच्या खांद्यावर हात टाकून लोंबकळून पाहिलं. मग त्यांनी काखेतली ढाल जमिनीवर पालथी ठेवली, तिची लाकडी पाठ पायानं चाचपली आणि वर चढून उभे राहिले.

"नाना, खाली उतरा! ढाल हाय ती!" पोरं ओरडली.

"गप बस," रंगनाथ म्हणाले. "कानिफ आत शिरलाय."