डोंगरी राज्याच्या गलबताची हकीकत

श्रीगजाननास वंदून आणि शारदेची आज्ञा घेऊन लिहिले जाते. शके १६९५, विजय नाम संवत्सरी, एका डोंगरी राज्यात मोठा घोळ जाहला, त्याची हकीकत ऐसीजे. पेठेतील कोष्टी घरे मोडून परमुलखी जाऊ लागले, आणि महाराजांनी कारभारी गिरमाजीपंतांस बजाविले की, "पेठ राखा, नाहीतर शिक्के ठेवून घरी बसा." मग पंतांनी पालखी धाडून नामांकित मसलतगार चिंतो अनंत यांस आणविले, आणि त्यांनी गाऱ्हाणे ऐकण्याआधीच रेशमी पट काढून अंथरिला. पटावर सहा घरे आखिली होती: फौज, खजिना, बाजार, वाटा, किल्ले आणि गलबते. "घरे भरावी, म्हणजे राज्याचे दुखणे आपसूक दिसते," ऐसे बोलिले. पाच घरे भरली आणि सहावे रिते राहिले, कारण दर्या तेथून फार दूर. पंत चाचरत म्हणाले, "आम्हांकडे गलबत नाही." "तेच तर दुखणे," मसलतगार म्हणाले. पंतांस काही उमगेना, परंतु सारा दरबार मान डोलवीत होता, मग त्यांनीही डोलविली.

मग कोकणातून सुतार आणविले आणि गाड्या भरभरून साग आणिला, आणि कोरड्या तळ्यात गलबत उभे राहू लागले, आणि गाड्यांच्या बैलांनी पेठेतील उरली विहीरही आटविली. तेव्हा कोष्ट्यांचा म्होरक्या सुभानजी माग गाडीवर घालून निरोपास आला.

"सुभानजी, जाता का म्हणून?" पंतांनी आज प्रथमच पुसिले.

"पाणी न्हाई, पंत. सूत कशात भिजवायचं? आमाला कुणी इचारलंच न्हाई."

पंतांस मेल्याहून मेल्यासारखे जाहले. तैसेच धावत जाऊन त्यांनी पट पाहिला आणि मसलतगारांस म्हणाले, "यात पाण्याचे घर कोठे?"

मसलतगारही गोंधळले. मग दाढी खाजवीत म्हणाले, "हा पट दर्याकाठच्या राज्यासाठी आखिला होता. तेथे पाण्याचे कोण पुसतो?" आणि पट गुंडाळून पुढल्या राज्यास रवाना जाहले.

येणेप्रमाणे पेठ उठली, शिक्के गेले आणि कोरड्या तळ्यात गलबत राहिले. गिरमाजीपंत त्याच्या सावलीस बसतात, आणि ती सहा घरे आठवून आपली चूक त्यांतल्या कोणत्या घरात पडली ते अद्याप शोधतात.