नळीच्या तोंडाशी लावलेला फलक

माणूस सूचना पाळण्यासाठी जन्माला येत नाही. तो सूचना देण्यासाठी जन्माला येतो. धनराज तर त्याचाच पगार घेत होता. नाशिक रोडच्या एका गृहप्रकल्पावर तो सुरक्षा अधिकारी होता आणि पाया भरण्याचं काम अपघाताविना पार पडलं की त्याची नोकरी कायम होणार होती.

काँक्रीट पंपाचा त्याने मनापासून अभ्यास केला होता. पाइपात माल अडकला की आत दाब साठतो, आणि तो एकदम सुटला की टोकाची रबरी नळी दावं तुटलेल्या बैलासारखी उसळते. म्हणून तिच्या तोंडाशी कोणी उभं राहू नये. हा नियम त्याने फलकावर लिहवून घेतला. फलक कुठे लावावा, यावर सखोल विचारविनिमय झाला (स्वतःशीच). धोका जिथे, सूचना तिथे, या न्यायाने तो नळीच्या तोंडाशीच लागला. अक्षरं जरा बारीक होती, पण अगदी जवळ गेलं की स्वच्छ वाचता येत.

त्या दिवशी पंपाला हार घातला, नारळ फुटला, मुख्य कचेरीतून साधना मॅडम आल्या. रस्त्यावरचे नागरिकही नेहमीप्रमाणे दोरी ओलांडून आत आले. आपल्याकडे काँक्रीट बघायला आमंत्रण लागत नाही.

आणि माल अडकला. नळी धरणारा सुरगाण्याचा बुधा ती खाली टाकून बाजूला झाला. बाकी सगळे "काय झालं, काय झालं?" करत पुढे सरकले. धनराज धावत फलकापाशी गेला आणि नळीकडे पाठ करून ओरडला, "इथे कोणी उभं राहायचं नाही!"

"सायेब, तुमीच उभं हाय ना तिथं!" बुधा ओरडला.

"मी अधिकारी आहे!"

नळीला याची कल्पना नव्हती. फलक उडाला, हेल्मेट उडालं (ते काखेत होतं, फोटोत केस बरे दिसावेत म्हणून), आणि धनराज कमरेएवढ्या काँक्रीटमध्ये जाऊन बसला. सुदैवाने मोडला तो फक्त फलक. नोकरी मात्र कायम झाली नाही, आणि त्याचं त्याला फार वाईट वाटलं. उपाय म्हणून त्याने आणखी मोठा फलक सुचवला. जागा तीच.

साधना मॅडमनी त्या क्षणाचा फोटो मोठा करून पाहिला. "तुमचं राहू द्या. दोरीच्या आत हे कोण?"

"नागरिक, मॅडम."

धनराजला तुम्ही खुशाल हसा. फक्त पहिल्या रांगेत, हेल्मेट स्कूटरच्या आरशाला अडकवून, भाजीची पिशवी सावरत मोबाइल उंच धरलेला जो माणूस आहे, त्याचा फोटो घरी दाखवू नका. घरचे लगेच ओळखतील.