खिडकीला फुटलेली लव

बोरिवलीत नॅशनल पार्कच्या कुंपणाला लागून असलेल्या त्या सोसायटीत सागवानी खिडक्या आता फक्त मार्तंडरावांकडे उरल्या होत्या. बाकी सगळ्यांनी ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या बसवल्या होत्या आणि कुंदाताईंनाही तेच हवं होतं. हॉलमधल्या खिडकीवर ऑइलपेंटचे इतके थर चढले होते की ती उघडणं त्यांनी कधीच सोडून दिलं होतं.

"सोमवारी ॲल्युमिनियमवाला नितेश माप घ्यायला येतोय," त्या म्हणाल्या. "तोवर काय ते करून दाखवा. मला पटलं तर त्याला परत पाठवीन."

मार्तंडरावांनी रंग खरवडला. आतून मधाच्या रंगाचं लाकूड निघालं. त्यावर हात ठेवून ते इतका वेळ बसून राहिले की शेजारी ठेवलेल्या चहावर साय धरली.

रंगाच्या दुकानात दुकानदाराने विचारलं, "आतल्या बाजूला लावायचंय ना काका? मग लाखेचं पॉलिश न्या, झटपट वाळेल."

"आणि जवसाचं तेल?"

"चालेल. पण पुन्हा पुन्हा द्यावं लागेल."

"आणि हे?"

"हे व्हार्निश. झळाळी झकास येते, पण वाळायला फार वेळ लागतो."

मार्तंडरावांनी तिन्ही आणली आणि चौकटीच्या कोपऱ्यात एकेक पट्टा ओढून पाहिला. कुंदाताईंना तिन्ही सारखेच दिसले. मार्तंडरावांना व्हार्निशच्या पट्ट्यात दुपारचं ऊन अडकल्यासारखं वाटलं आणि शनिवारी त्यांनी पूर्ण खिडकीला तेच लावलं. ओली तावदानं बंद केली तर चिकटून बसतील, म्हणून खिडकी सताड उघडी ठेवली आणि आरामखुर्चीत डोळे मिटले.

स्वप्नात ते मनोरीच्या खाडीत होडीत पडले होते आणि वरून पांढरं काहीतरी अलगद उतरत होतं. जाग आली तरी ते उतरतच होतं. कुंपणापलीकडच्या सावरीची बोंडं फुटली होती आणि तिचा कापूस वाऱ्यावर तरंगत हॉलमध्ये येत होता. बराच वेळ ते कौतुकाने बघत राहिले. मग त्यांची नजर चौकटीकडे गेली.

त्यांनी चिमट्याने एक तंतू काढला. तेवढ्यात तिथे दोन येऊन बसले. लवकर वाळावं म्हणून पंखा लावला, तर जमिनीवरचा कापूस उठून तोही चिकटला. शेवटी टर्पेंटाइनच्या फडक्याने पुसायला गेले, तेव्हा सगळ्याचा मिळून लोकरीसारखा लगदा झाला.

कुंदाताई बाहेर आल्या. "अहो, खिडकीला लव फुटलीय."

"वाट लागली गं," मार्तंडराव हळूच म्हणाले.

खिडकी लावायची सोय नव्हती. म्हणून रविवारचा चहा कुंदाताईंनी उघड्या खिडकीपाशीच घेतला. समोर सावरीचं अख्खं झाड होतं, कुठेतरी तांबट पक्षी टुकटुक करत होता आणि केसांवर कापूस उतरत होता. भाजी चिरता चिरता त्यांचा हात थांबला आणि मांडीवरच्या ताटलीसकट त्यांना डुलकी लागली. जेवायला उशिरा पोहे झाले.

सोमवारी नितेश आला. चौकटीवरून बोट फिरवून त्याने ते पँटला पुसलं. "काका, हे काय केलंत?"

"काढून टाक सगळं," मार्तंडराव म्हणाले. "तुझ्या खिडकीला कापूस चिकटत नाही ना?"

"माशीसुद्धा घसरेल."

मार्तंडराव त्याने आणलेलं रंगांचं कॅटलॉग उलटू लागले. पहिल्यांदाच त्यांना त्या गुळगुळीत पट्ट्या सुंदर वाटल्या. नितेशने टेप काढली.

"नितेश, ही पूर्ण उघडते ना रे?" कुंदाताईंनी विचारलं.

"अर्धी, काकू. एक तावदान सरकून दुसऱ्याच्या मागे जातं. सगळ्यांच्या तशाच असतात."

कुंदाताई बाहेर बघत राहिल्या. "म्हणजे झाडही अर्धंच."

"झाड तेवढंच राहील ना काकू."

"तू चहा घे आणि जा. माप नको."

नितेशने चहा घेतला, टेप खिशात टाकली आणि तो गेला. मार्तंडरावांना काही कळेना. "अगं, पण या लवेचं काय?"

"वाळली की पॉलिश पेपरने घासा. मग लाखेचं लावू." त्यांनी खुर्ची खिडकीजवळ ओढली.

मार्तंडराव उघडं कॅटलॉग घेऊन तसेच उभे राहिले. "मी कॉफी ब्राऊन ठरवला होता," ते म्हणाले.

कुंदाताईंचे डोळे तोवर मिटले होते.