लीलाबाईचं राहिलेलं गाणं

लीलाबाई गेल्याचा फोन साताऱ्याच्या दवाखान्यातून आला, तेव्हा मेढ्याच्या घरात तिच्या नवऱ्यानं, सयाजीनं, हंबरडा फोडला. गल्लीतलं एकही माणूस आलं नाही. सगळ्यांना वाटलं, धैर्यशीलनं गाणं लावलं. शेवटी सयाजीनंच दारोदार जाऊन सांगितलं, "आवं, ह्या बारीला मी हुतो."

धैर्यशील त्याचा मुलगा. गाणं त्याचं स्वतःचं, मित्रांबरोबर साताऱ्यात केलेलं. घरी ते लागलं की सयाजी मध्येच बटण दाबायचा.

दहाव्याला वाईच्या घाटावर पिंड मांडला. कावळा उंबरावर बसून राहिला.

"काळी म्हैस इकणार न्हाई," सयाजी हात जोडून म्हणाला. कावळ्यानं पंख खाजवला.

"बांधाचं भांडण मिटवतो," सयाजीचा भाऊ नानासो म्हणाला.

"समद्यांनी ऐकलं न्हवं?" सयाजीनं लगेच विचारलं. कावळ्यानं पाठ फिरवली.

गुरुजी म्हणाले, "दर्भाचा कावळा करून लावू का?"

"न्हाई. तिला गवताचा चालायचा न्हाई."

तेव्हा मेहुणी अंबूबाई बोलली. "आवं दाजी, अक्का म्हनायची, पोराचं गानं एकदा पुरतं ऐकायचंय."

धैर्यशीलनं पिशवीतून स्पीकर काढला. आधी वादळात पत्रा फडफडावा तसं झालं. मग ढोल, इतका सावकाश की दोन ठोक्यांत चहा पिऊन व्हावा. मग विहिरीत पडलेला माणूस तिथूनच ओरडायला लागला.

"हे काय आहे?" गुरुजींनी विचारलं.

"ब्लॅक मेटल, गुरुजी. दुःखाचं असतं."

"ते कळतंय."

उंबर काळा झाला. घाटावरचे सगळे कावळे आले, आणि पहिल्या कावळ्यानं उडी घेऊन पिंडाला चोच मारली. सयाजीचा जीव भांड्यात पडला. त्याचा हात सवयीनं पुढे गेला आणि बटण दाबून आला.

"दाजी," अंबूबाई म्हणाली, "पुन्हा मधीच?"

सयाजी ओशाळला. "लाव रं, धैर्या."

पण शेजारच्या पिंडाजवळचा माणूस स्पीकर उचलून निघाला होता. "आमचा म्हातारा सकाळधरनं अडून बसलाय. जरा देता का, गड्या?"

म्हाताऱ्याचा कावळा ढोलावरच शिवला. पुढच्यांचा तर पत्र्यावर. जिथं शिवला तिथं गाणं बंद, आणि पुढच्या पिंडाला पहिल्यापासून सुरू. सगळ्यांचे कावळे शिवले, तेव्हा स्पीकरची बॅटरी संपली होती.

म्हैस दावणीला आहे. बांधाचं भांडण मिटलं. लीलाबाईचं गाणं मात्र शेवटपर्यंत ऐकायचं राहिलं आहे.