लाल ठिपक्याचे नाणे

वजनमापे खात्यातून निवृत्त झालेल्या निरीक्षकांना वर्षाला त्र्याऐंशी हजार दोनशे मिळणार होते. सदोष ठशाच्या पाचाच्या नाण्याला शौकीन लोक आठशे देतात. दोन हजार नाण्यांत असे एक निघते. वीस हजार रुपयांत चार हजार नाणी येतात. आठवड्याला दोन, वर्षाला एकशे चार. बाकीची बँकेत परत भरायची, म्हणजे भांडवल शाबूत. हे वीस हजार बायकोच्या कवळीसाठी ठेवले होते. पण ती अकरा महिने मऊ खाऊन जगली होती, तेव्हा बाराव्याला तिची हरकत नसावी, असे निरीक्षकांनी तिला न विचारता नोंदवले.

पहिल्या आठवड्यात काही निघाले नाही. दुसऱ्या आठवड्यात बँकेने त्यांच्याच पिशव्या त्यांना दिल्या. गाठीसुद्धा त्यांच्याच हातच्या. तेच नाणे दोनदा तपासणे हा श्रमाचा अपव्यय. म्हणून तपासलेल्या प्रत्येक नाण्यावर त्यांनी बायकोच्या नेलपॉलिशचा ठिपका दिला आणि नाणी परत भरली.

तिसऱ्या आठवड्यात रोखपालाने त्यांना काउंटरच्या आत घेतले.

"साहेब, कुठं बोलू नका. लाल ठिपक्याचं नाणं निघालंय. टांकसाळीतली चूक. माझ्या मेहुण्यानं काल एक पाचशेला खपवलं."

निरीक्षकांनी तीस वर्षे खोटी वजने जप्त केली होती. त्यांनी चष्मा पुसला आणि विचारले, "अजून आहेत का?"

रोखपालाने स्वतःचा वाटा बाजूला ठेवून चार हजार नाणी दिली. ज्यांवर ठिपका नव्हता, त्यांची उणीव घरी भरून काढण्यात आली. निरीक्षकांचा ठिपका जाड पडून नेलपॉलिश संपत असल्याने हे काम बायकोने केले. जाणकारांनी जाड ठिपका पहिल्या आवृत्तीचा आणि बारीक ठिपका अधिक दुर्मीळ अशा दुसऱ्या आवृत्तीचा ठरवला. तरी निरीक्षक विकेनात. भाव आठशेवर जाऊ दे, म्हणाले.

"अहो, मी काही नाणं नाही," बायको म्हणाली, "ठेवलं की किंमत वाढायला."

तिने बारीक ठिपक्याची चाळीस नाणी रुमालात बांधली आणि दंतवैद्य गाठला. तोही शौकीन होता. त्याने दातांपेक्षा नाणी जास्त वेळ भिंगाखाली धरली, कवळी बसवली आणि दुसऱ्या दवाखान्यात न गेल्याबद्दल तिचे आभार मानले.

महिन्याभराने बँकेचे परिपत्रक निघाले. सदर ठिपका टांकसाळीचा नसून अज्ञात इसमाचा आहे. अशी नाणी दर्शनी किमतीत जमा करावीत. ती पुसण्यासाठी समिती नेमण्यात येत आहे. समितीवर अनुभवी म्हणून रोखपालाची भत्त्यासह नेमणूक झाली.

निरीक्षकांना उरलेल्या नाण्यांचे एकोणीस हजार आठशे परत मिळाले. चाळीस नाण्यांचे दंतवैद्याला दोनशे मिळाले. त्याने लगेच तपासणीची फी वाढवली. समितीचा खर्च 'नाणेशुद्धी आकार' या नावाने प्रत्येक खात्यातून अकरा-अकरा वळता झाला.

तुमच्याही पासबुकात ती ओळ आहे. तुम्ही ती पाहिलीत, अकरासाठी कोण रांगेत उभे राहणार, असे म्हणालात आणि पान उलटलेत. वाढीव फी तर तुम्ही तोंड उघडे असतानाच कबूल केलीत. निरीक्षकांची बायको आता हवे ते चावून खाते. त्या कवळीचे दोनशे निरीक्षकांना पडले. बाकीचे तुम्ही भरलेत.